रॅम खरंच गेली आहे का? वेग वाढवलेल्या पीसीतली मेमरीची दुखणी

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा निर्णय जवळजवळ झालेलाच होता. "मामा, रॅम गेली. नवी घ्यावी लागणार." गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन यायची, मधूनच ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडायचे, आणि आदल्या दिवशी तर पीसी सुरूच होईना. पंखे फिरतायत, मॉनिटर मात्र काळा. मशीनमध्ये रॅमच्या चार स्टिक, म्हणजे पट्ट्या. त्यातली कुठली 'गेली' हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो चारही बदलायच्या तयारीत होता.

हे दिवस रॅम बदलायचे नाहीत. एआयसाठी उभी राहणारी डेटा सेंटर्स मेमरी चिप इतक्या उचलतायत की २०२५ च्या अखेरीपासून घरगुती पीसीच्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने 'क्रूशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी धडधाकट स्टिक खराब समजून टाकून देणं फार जिवावर येतं.

भाच्याच्या चारही स्टिक ठीक होत्या. आजही त्याच चालू आहेत. वेग वाढवलेल्या पीसीत रॅमच्या नावाने जी दुखणी सांगितली जातात, त्यातल्या बऱ्याच वेळा असंच असतं. रॅम मेलेली नसते, तिला न झेपणारा वेग लावलेला असतो. या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या, त्यासाठी हा लेख.

रॅममध्ये असतं तरी काय

रॅम म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली कामापुरती वही. त्यातला प्रत्येक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो. विद्युतभार आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. शेजारी एक ट्रान्झिस्टर, दार उघडायला आणि लावायला. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८ मध्ये मंजूर झालं आणि आजची रॅम त्याच तत्त्वावर चालते. १६ जीबीच्या एका स्टिकमध्ये अशी सुमारे १३७ अब्ज घरं असतात.

अडचण अशी की हा कपॅसिटर गळतो. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी डोळ्यांसमोर आणा. भरून ठेवली तरी थोड्या वेळाने रिकामी होणार. म्हणून प्रत्येक वाटी रिकामी होण्याआधी पाहून पुन्हा भरावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात. रॅमच्या डीडीआर४ या पिढीत हा फेरा साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पूर्ण व्हावा लागतो, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर तो दुप्पट वेळा करावा लागतो, कारण उष्णतेत गळती वाढते. ही उष्णतेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार कामाला येणार आहे.

श्रुतलेखन आणि तिघांची जबाबदारी

शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई वाचतायत, मुलगा वहीत उतरवतोय. बाईंनी वेग वाढवला. मुलाने 'दिन'च्या जागी 'दीन' लिहिलं. एवढीशी वेलांटी बदलली आणि 'दिवस' होता तिथे 'गरीब' झाला. आता चूक कोणाची? मुलाला कमी ऐकू येतं म्हणून झाली असेल. बाईंचं बोलणं अस्पष्ट असेल. किंवा वर्गच असा असेल की आवाज घुमतो. वहीतली चूक पाहून यातलं काहीच सांगता येत नाही.

पीसीत मुलगा म्हणजे रॅमची स्टिक. बाई म्हणजे मेमरी कंट्रोलर, रॅमशी बोलणारा भाग. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो डेस्कटॉप प्रोसेसरच्या आत नेला, त्यामुळे आज तो प्रोसेसरचाच भाग आहे. आणि वर्ग म्हणजे मदरबोर्ड, म्हणजे त्या दोघांमधल्या तांब्याच्या बारीक रेघा.

डीडीआर५ ही डीडीआर४ नंतरची पिढी. डीडीआर५-६००० म्हणजे प्रत्येक रेघेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. एका बिटाच्या वाट्याला येणाऱ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. इतक्या घाईत तिघांपैकी एकाची जरी किंचित ओढाताण झाली, तरी वेलांटी बदलते. स्क्रीनवर मात्र 'मेमरी'चं नाव येतं आणि आळ स्टिकवर जातो.

"पण मी ओव्हरक्लॉक केलंच नाही, पाकिटावरचाच वेग लावलाय"

हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, आणि त्यात लोकांचा दोष नाही. पाकिटावर ठळक '६०००' छापलेलं असतं. विकत घेतलेला वेग लावला, यात आगाऊपणा कसला?

रॅमचे सर्वमान्य नियम जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ साठी तिने नेमलेला वेग ३२०० पर्यंत, १.२ व्होल्टवर. डीडीआर५ चा नियम २०२० मध्ये आला, त्यात व्होल्टेज १.१. नवी स्टिक लावून पीसी सुरू केला की ती या नेमस्त वेगाने चालते. पाकिटावरचा मोठा आकडा मिळवायला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावं लागतं. एक्सएमपी इंटेलची, २००७ पासूनची. एक्स्पो एएमडीची, २०२२ ची. दोन्हींचं काम एकच. स्टिकवर एका छोट्या चिपमध्ये बनवणाऱ्याने लिहून ठेवलेला वेग, व्होल्टेज आणि वेळांचा तक्ता उचलायचा आणि लागू करायचा. डीडीआर४ मध्ये त्यासाठी व्होल्टेज बहुधा १.३५ वर जातं.

म्हणजे '६०००' हे वचन स्टिक बनवणाऱ्याने स्टिकपुरतं दिलेलं आहे. तुमच्या प्रोसेसरने ते दिलेलं नाही, मदरबोर्डनेही नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यांचा अधिकृत आकडा बराच कमी असतो, आणि त्यावर वेग नेला तर ते त्याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात. वॉरंटीच्या अटींतही तसा उल्लेख असतो. तुमचा पीसी सध्या कुठल्या वेगावर आहे हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीखाली दिसतं. कित्येकांचं मशीन दुसऱ्या कोणीतरी जुळवून दिलेलं असतं आणि आपण ओव्हरक्लॉकवर आहोत हे त्यांना माहीतच नसतं.

चार स्टिकच्या बाबतीत हा फरक फारच मोठा होतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचं उदाहरण घ्या. दोन स्टिक असतील तर अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. बाईंना एकाच वेळी दुप्पट मुलांना सांगायचंय, आणि वर्गात आवाज दुप्पट घुमतोय. भाच्याने नेमकं तेच केलं होतं. आधी दोन स्टिकचा संच ६००० वर छान चालत होता. व्हिडिओ एडिटिंगसाठी त्याने अगदी त्याच मॉडेलचा दुसरा संच आणून लावला आणि वेग तसाच ठेवला. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन संचांत आतल्या चिप सारख्या असतीलच असं नाही. संचातल्या स्टिक एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात, दुसऱ्या संचाबरोबर नाही.

निळ्या स्क्रीनपेक्षा वाईट

निळी स्क्रीन (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती काळी झाली आहे) निदान ओरडून सांगते. तिच्यावर 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असं काही लिहिलेलं असतं, आणि दर वेळी वेगळा मजकूर येत असेल तर रॅमवरचा संशय बळावतो. खरी भीती न ओरडणाऱ्या चुकीची आहे.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या मशीनवर एक्सएमपी सुरू होतं आणि महिनोन्महिने तक्रार नव्हती. जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर हलवले. काही आठवड्यांनी फोटो चाळताना एक फोटो अर्ध्यातून पुढे जांभळट दिसला. वरची अर्धी बाजू स्वच्छ, आईचा चेहरा नीट, आणि खांद्याच्या रेषेपासून खाली सगळे रंग सरकलेले. जेपेगमध्ये एक बिट उलटला की त्याच्या पुढचं सगळं असं बिघडू शकतं. मी हजारभर फोटो उघडून पाहिले, तसे सात सापडले. फाइल कॉपी होताना रॅममधून जाते. तिथे वेलांटी बदलली आणि डिस्कने ती चुकीचीच वेलांटी इमानाने जपून ठेवली.

तुमच्याकडे असं होतंय का, हे पाहायची सोपी रीत अशी. दहा-वीस जीबीची एक फाइल सेव्हन-झिप या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवळा आणि मग तिथलाच टेस्टचा पर्याय दाबा. असं तीन-चार वेळा करा. एकदाही सीआरसीची चूक आली, म्हणजे ताळ्याचा आकडा जुळला नाही, तर त्या पीसीवर महत्त्वाचं काम तिथेच थांबवा. बिघाड सापडेपर्यंत फाइली हलवू नका, बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका आणि विंडोज पुन्हा टाकू नका. वैतागून विंडोज नव्याने टाकणारे पुष्कळ असतात. पण बिघडलेल्या रॅममधून गेलेलं विंडोज पहिल्या दिवसापासूनच बिघडलेलं असू शकतं.

पहिलं काम: मूळ वेगावर या

बायोसमध्ये जा आणि 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' निवडा. एक्सएमपी गेलं, प्रोसेसरला लावलेला वाढीव वेगही गेला. तोही जायला हवा, कारण दोन संशयित एकत्र बसवून चौकशी होत नाही.

स्क्रीनच येत नसेल तर बायोसची आठवण पुसावी लागते, म्हणजे क्लिअर सीमॉस. पीसी बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. मग मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा गोल नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा.

यानंतर एक गोष्ट अनेकांना घाबरवते. डीडीआर५ चं मशीन सीमॉस पुसल्यावर किंवा नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं काळीच स्क्रीन दाखवू शकतं. मदरबोर्डवर 'डीरॅम' लिहिलेला बारीक दिवा जळत राहतो. त्या वेळात कंट्रोलर रॅमशी जुळवून घेत असतो. बाई वेगवेगळ्या आवाजात, वेगवेगळ्या वेगाने एकेक शब्द उच्चारून 'ऐकू येतंय का?' विचारत असतात. याला ट्रेनिंग म्हणतात. लोक अर्ध्या मिनिटात धीर सोडून बटण दाबून बंद करतात, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि मग रॅम मेली असा निष्कर्ष निघतो. दहा मिनिटं हात लावू नका.

स्टिक काढून पुन्हा बसवायलाही हीच वेळ. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पुस्तिकेत त्यांना बहुधा ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. हा नुसता रिवाज नाही. बहुतेक मदरबोर्डवर रेघ जवळच्या स्लॉटमधून पुढे दूरच्या स्लॉटपर्यंत जाते. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये लावली तर पुढचा रेघेचा तुकडा रिकामाच लटकतो आणि सिग्नल त्याच्या टोकावर आपटून परततो, मोकळ्या खोलीत आवाज घुमतो तसा. मूळ वेगावर ते खपून जातं. ६००० वर तो प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढतो.

चूक स्टिकबरोबर फिरते की स्लॉटला चिकटते?

मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतो. तो रॅमच्या घरांत ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. लिहिलं होतं ११११, वाचलं ११०१, की लगेच लाल ओळ. मूळ वेगावर त्याच्या किमान चार फेऱ्या होऊ द्या. रॅम मोठी असेल तर याला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावा.

मूळ वेगावरही लाल ओळ आली, तर वेगाचा प्रश्न संपला. कुठलातरी भाग खरंच आजारी आहे. आता शोध एकाच प्रश्नाचा. एक स्टिक ठेवा, बाकीच्या बाहेर. ए२ मध्ये पहिली स्टिक, टेस्ट. ती काढून त्याच ए२ मध्ये दुसरी, टेस्ट. समजा पहिली स्वच्छ निघाली आणि दुसरीने चुका दाखवल्या. इथे थांबून स्टिक दोषी ठरवायचा मोह होतो, पण अजून एक पायरी आहे. दुसरी स्टिक बी२ मध्ये लावा. चुका तिथेही आल्या तर चूक स्टिकबरोबर फिरली, ती स्टिक खरंच गेली. तिथे आल्या नाहीत तर कदाचित ती आधी नीट बसलेली नव्हती. ए२ मध्ये पुन्हा बसवून पाहा.

उलट, प्रत्येक स्टिक बी२ मध्ये चुकते आणि ए२ मध्ये स्वच्छ राहते, तर चूक स्लॉटला चिकटलेली आहे. मग स्लॉटमधली धूळ पाहा. त्यानंतर प्रोसेसरकडे वळा. सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी रॅमचा एक अख्खा चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला एक रस्ता, रुसतो. हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आहे आणि रॅमकडे जाणारे त्याचे सगळे धागे त्याच पिनांतून जातात, हे लक्षात घेतलं की पटतं.

लाल ओळींमध्ये पत्तेही दिसतात, म्हणजे चुकलेलं घर नेमकं कुठलं ते. तोच पत्ता, तोच बिट दर फेरीत चुकत असेल तर स्टिकमधलं ठरावीक घर बिघडलंय. पत्ते दर वेळी वेगळे, विखुरलेले असतील तर वेग, व्होल्टेज किंवा उष्णता यांच्याकडे बोट जातं. मात्र दोन स्टिक लावलेल्या असताना पत्त्यावरून नेमकी स्टिक ओळखायला जाऊ नका. कंट्रोलर माहिती दोन्हींत वाटून ठेवतो. त्यासाठी एकेक स्टिकची परीक्षाच खरी.

मूळ वेगावर निर्दोष, वाढीव वेगावर नापास

भाच्याचं मशीन इथे सापडलं. चारही स्टिक मूळ वेगावर रात्रभर एकही चूक न करता चालल्या. एक्स्पो सुरू केलं आणि सातव्या मिनिटाला लाल ओळी. म्हणजे मुलांचे कान ठीक, वाचन घाईचं.

अशा वेळी पहिला उपाय वेग एक पायरी खाली आणणं. डीडीआर५ वर ६००० चे ५८००, मग ५६००. डीडीआर४ वर ३६०० वरून ३४६६ किंवा ३४००. बाकीचं जसंच्या तसं. दर पायरीला टेस्ट, आणि शेजारी कागदावर नोंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम कंटाळवाणा आहे, पण तो मोडला की दोन दिवसांनी नेमकं कशामुळे सुधारलं तेच आठवत नाही.

वेग कमी केला म्हणजे फार गमावलं असंही नाही. कारण वेग ही अर्धीच गोष्ट आहे. मागितलेली माहिती हाती यायला लागणारे ठोके, पाकिटावरचं ते 'सीएल', ही दुसरी अर्धी. ३२०० ला सीएल १६ आणि ६००० ला सीएल ३० यांत प्रत्यक्ष वाट पाहण्याचा वेळ अगदी सारखा निघतो, १० नॅनोसेकंद. वेग एक पायरी खाली आणल्याने रोजच्या कामात जो फरक पडतो, तो बहुतेकांना घड्याळ लावल्याशिवाय कळणार नाही.

भाच्याने चारही स्टिक ४८०० वर ठेवल्या. त्याला जागा हवी होती, वेग नव्हे.

"व्होल्टेज थोडं वाढवलं तर ६००० वरच चालेल ना?"

चालेलही. बाईंनी आवाज चढवला की मागच्या बाकावर नीट ऐकू जातं. पण आवाजाबरोबर उष्णता वाढते आणि वाढलेल्या उष्णतेत वाटी अधिक गळते, म्हणून एका मर्यादेपलीकडे व्होल्टेज वाढवल्याने चुका कमी न होता वाढतात. मी स्टिकच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या व्होल्टेजच्या वर जात नाही, आणि नव्याने शिकणाऱ्याला तेच सांगतो.

प्रोसेसरच्या बाजूचं व्होल्टेज अधिक जपून हाताळायचं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी प्रकारातले, सॉकेटसकट जळाल्याचे फोटो जगभर फिरले. एक्स्पो सुरू केल्यावर मेमरी कंट्रोलरला वीज देणारं 'एसओसी' व्होल्टेज काही मदरबोर्ड आपणहून फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने बायोसच्या अपडेटमधून त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. वापरणाऱ्याने हाताने एकही आकडा बदललेला नसताना हे झालं होतं. म्हणून एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केल्यावर बायोसमध्ये कुठलं व्होल्टेज कुठे गेलंय ते एकदा डोळ्यांखालून घाला, आणि बायोस जुना असेल तर अपडेट करा. मात्र अपडेटही मूळ वेगावर आल्यानंतरच. डळमळत्या रॅममधून नवा बायोस लिहायला गेलात तर मदरबोर्डच जाऊ शकतो.

"रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही चूक नाही. मग?"

माझ्या फोटोंच्या वेळी मलाही हेच उत्तर मिळालं होतं. सलग दोन रात्री मेमटेस्ट स्वच्छ. तिसऱ्या दिवशी दुपारी गेम चालू असताना मशीन पडलं, तेव्हा मी कॅबिनेटचं बाजूचं पॅनेल उघडून स्टिकला बोट लावलं. चटका बसला.

मेमटेस्ट चालतो तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. खोली रात्रीची, थंड. दिवसा गेममध्ये तेच कार्ड शेकडो वॉटची उष्णता ओकतं आणि ती वर रॅमपर्यंत जाते. वाटी रात्री पुरेशी हळू गळत होती, दुपारी पुरेशी हळू गळत नव्हती. म्हणून मेमटेस्टमधली चूक हा पुरावा आहे, पण चूक न सापडणं हा निर्दोष असल्याचा दाखला नाही.

दुसरी परीक्षा विंडोजमध्ये, पॅनेल बंद ठेवून घ्यायची. टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर हे प्रोग्रॅम रॅम आणि कंट्रोलर दोघांनाही मेमटेस्टपेक्षा जास्त पिळतात. त्याच्या जोडीला ग्राफिक्स कार्डावरही भार टाकला की खरी दुपार उभी राहते. माझ्या मशीनमध्ये तासाभरात चुका यायला लागल्या. पुढचा पंखा रॅमकडे हवा जाईल असा वळवला, कोणीतरी सुचवलेला रिफ्रेशचा लांबवलेला अवधी पुन्हा मूळ आकड्यावर आणला, आणि चुका थांबल्या. तो अवधी मीच वेगाच्या हव्यासात वाढवला होता. वाट्या पुन्हा भरायला उशीर केला की थोडा वेग मिळतो खरा, पण तो गारव्यातच टिकतो.

"वर्षभर चाललं, आता काय झालं?"

बहुतेक वेळा आजूबाजूचं काहीतरी बदललेलं असतं. नव्या बायोसने व्होल्टेजचे आकडे बदलले, धुळीने पंखा मंदावला, ऋतू बदलला, नवं ग्राफिक्स कार्ड आलं. बदलाची तारीख आठवून पाहा, अर्धं निदान तिथेच होतं.

काही वेळा मात्र प्रोसेसर खरंच थकलेला असतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या बाबतीत असं झालं. गेम सुरू करताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा, लोक ग्राफिक्स कार्ड आणि रॅम बदलत सुटायचे, आणि दोष प्रोसेसरमध्ये निघायचा. चढ्या व्होल्टेजने त्याची झीज होत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट, आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तरी झालेली झीज अपडेटने भरून निघत नाही. तुमच्याकडे त्या पिढीचा प्रोसेसर असेल आणि रॅमच्या सगळ्या परीक्षा पास होऊनही मशीन पडत असेल, तर स्टिकचा पिच्छा सोडा.

"एकदाच तर पडलं, असेल काहीतरी" हेही बरेचदा ऐकतो. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅशची माहिती तपासली. हार्डवेअरमुळे एकदा पडलेलं मशीन पुन्हा पडण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते असं त्यात दिसलं, आणि ओव्हरक्लॉक केलेली मशीन अधिक पडतात हेही. अवकाशातून येणाऱ्या कणांनी एखादा बिट उलटतो हे खरं आहे. पण टेस्टमध्ये आलेली एक चूक त्यांच्या नावावर ढकलायची सवय मी सोडली. टेस्टमध्ये चुकांचा चालण्यासारखा आकडा शून्य.

"डीडीआर५ स्वतःच चुका दुरुस्त करते ना?"

करते, पण घरातल्या घरात. डीडीआर५ च्या चिपमध्ये प्रत्येक १२८ बिटांमागे ८ जादा बिट असतात आणि त्यांच्या आधारे चिप आपल्या पोटातला एक उलटलेला बिट सुधारते. तो बिट चिपमधून बाहेर पडून रेघेवरून प्रोसेसरकडे निघाला की त्या दुरुस्तीचा हात तिथवर पोहोचत नाही. आणि वेग वाढवल्यावर चुका नेमक्या त्या प्रवासात होतात. मुलगा आपल्या वहीतली वेलांटी स्वतः तपासतो, पण बाईंचा शब्दच चुकीचा ऐकला असेल तर तो काय तपासणार? प्रवासातली चूकही पकडणारी ईसीसी रॅम वेगळी येते. ती सर्व्हरमध्ये सर्रास असते, आणि घरगुती वापरासाठी मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोघांची साथ लागते.

स्टिक खरंच गेली असेल तर

मूळ वेगावर, दोन वेगळ्या स्लॉटमध्ये, एकटी असताना चुका देणारी स्टिक परत करायची. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो काढून ठेवा, त्यात वेगाचा आकडाही दिसू द्या. तक्रार मूळ वेगावरची आहे हे त्यावरून सिद्ध होतं आणि ओव्हरक्लॉकचा मुद्दा उरत नाही. बऱ्याच कंपन्या रॅमला दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात. मात्र संच असेल तर दोन्ही स्टिक एकत्र पाठवायला सांगतात, कारण त्या जोडीने तपासलेल्या असतात. तेवढे दिवस मशीन बंद राहणार, त्याची सोय आधी पाहा.

आणि दुरुस्ती झाल्यावर मागे वळून फाइली तपासा. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी स्कॅननाऊ' (sfc /scannow) चालवा. तुमच्या फाइलींसाठी, बिघाड सुरू होण्याआधीचा बॅकअप काढून त्याच्याशी ताडून पाहा. माझ्या सात फोटोंपैकी सहा जुन्या डिस्कवर तसेच शाबूत सापडले, आईचाही. सातव्याची मूळ प्रत मी कॉपी झाल्यावर पुसून टाकली होती.